व्यसन म्हणजे मेंदूची सूज?

पारनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत व्यसनाविषयी बोलण्यासाठी मी गेलो होतो. फळ्यावर मेंदूची आकृती काढून, दारूमुळे मेंदूतील प्रतिकारपेशी कशा उत्तेजित होतात ते सांगितले आणि सोपे करण्याच्या नादात म्हणून गेलो, "म्हणजे मेंदूला सूज येते, असे समजा." तास संपल्यावर नववीतला एक मुलगा मागे थांबला. त्याने हळूच विचारले, "सर, मग सुजेवरची गोळी दिली तर दारू सुटेल का? मेडिकलमध्ये मिळते ती." गोळी कोणाला द्यायची, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

त्याचा तर्क बरोबर होता. चूक माझ्या वाक्यात होती. व्यसन, नैराश्य, स्किझोफ्रेनिया हे सारे मेंदूच्या दाहाचे विकार आहेत, असे विधान आता आरोग्यविषयक लेखांतून आणि व्याख्यानांतून सर्रास केले जाते. ते कितपत टिकते, हे शिक्षकांनी वर्गात सांगण्यापूर्वी तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम शब्द पाहू. पाय मुरगळला की रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो. जागा फुगते, लाल होते, दुखते. ही सूज. मेंदूज्वरात जंतूंमुळे मेंदूत तीव्र दाह होतो. ताप येतो, झटके येतात, शुद्ध हरपते. व्यसनाच्या संदर्भात ज्याला दाह म्हणतात तो यांपैकी कोणताच नव्हे. तेथे प्रश्न असतो मायक्रोग्लिया नावाच्या पेशींचा. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्यांना वेगळे ओळखले. या मेंदूतल्या रहिवासी प्रतिकारपेशी. मृत पेशी उचलणे, चेतापेशींमधील नको असलेले जोड छाटणे, गरज पडल्यास सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडणे ही त्यांची कामे. त्या उत्तेजित झाल्या म्हणजे मेंदू फुगतो असे नाही. उलट, दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याचा मेंदू आकाराने घटतो आणि दारू सोडल्यावर ही घट काही प्रमाणात भरून येते. माझे वाक्य त्यामुळे शब्दशःही चुकीचे होते.

आता पुरावा. दारूमुळे आतड्याचे अस्तर झिरपू लागते. तेथील जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक रक्तात उतरतात, यकृतात सायटोकाइन तयार होतात आणि त्यांचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो. जिवाणूंचे हे घटक ओळखणारा टीएलआर-4 हा ग्राही ज्या उंदरांत नसतो, त्यांच्या मेंदूवर दारूचा हा परिणाम बराच कमी दिसतो. माणसांबाबत, दीर्घकाळ मद्यपान केलेल्यांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत प्रतिकारपेशींना बोलावून घेणारे एक प्रथिन वाढलेले आढळल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. येथपर्यंत साखळी सुसंगत आहे.

पण जिवंत माणसाच्या मेंदूत पाहिले तेव्हा चित्र बदलले. टीएसपीओ हे प्रथिन मायक्रोग्लियाच्या उत्तेजनाची खूण मानून पेट-स्कॅनने ते मोजतात. 2017-18 च्या सुमारास निरनिराळ्या गटांनी मद्यपींची अशी तपासणी केली. खूण वाढलेली आढळण्याऐवजी काही अभ्यासांत ती कमीच दिसली. मग सिद्धान्त कोसळला म्हणावे, तर तसेही नाही. कारण ती खूणच विश्वासार्ह नव्हती. मायक्रोग्लिया उत्तेजित झाल्यावर हे प्रथिन उंदरांत वाढते, माणसांत तसे वाढत नाही, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसून आले. मोजपट्टी एका प्राण्यावर तयार केली आणि दुसऱ्याला लावली. विज्ञानाच्या तासाला 'उपकरणाची मर्यादा' शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

औषधांच्या चाचण्याही सावध करतात. मायक्रोग्लियाला शांत करणारे म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते ते मिनोसायक्लिन ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 207 तरुण रुग्णांवर तपासले गेले. 2018 मध्ये निष्कर्ष आला: खोट्या गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग नाही. हट्टी नैराश्याच्या 60 रुग्णांवर दाहविरोधी इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. एकूण गटाला फायदा दिसला नाही. मात्र ज्यांच्या रक्तात दाहाची खूण मुळातच जास्त होती, त्यांना तो होत असावा असे वाटले. हा 'काहींना' शब्द महत्त्वाचा आहे आणि लोकप्रिय लेखनात नेमका तोच गळतो.

प्रतिकारसंस्थेचा मनाशी संबंध नाही, असे मला म्हणायचे नाही. तो ठामपणे सिद्ध झालेली उदाहरणे आहेत. यकृताच्या विषाणुजन्य आजारावर इंटरफेरॉन दिलेल्या अनेक रुग्णांना नैराश्य येत असे. 2007 मध्ये ओळखल्या गेलेल्या एका विकारात प्रतिपिंडे मेंदूतील एनएमडीए ग्राहींवरच हल्ला करतात. त्यात विशेषतः तरुण मुली अचानक भ्रमिष्टासारख्या वागू लागतात. आपल्याकडे अशा मुलीला 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋषाकडे नेले जाण्याचीच शक्यता अधिक. पण वेळीच प्रतिकारसंस्थेवर उपचार केल्यास बहुतेक जणी सुधारतात. प्रश्न एवढाच, की काही आजारांत सिद्ध झालेले तत्त्व सगळ्या मनोविकारांना लावता येते का? व्यसनी माणसात कुपोषण, थायमिनची कमतरता, यकृताचा आजार, तंबाखू, डोक्याला झालेल्या दुखापती हे सारे एकत्र नांदत असते. दाह हे व्यसनाचे कारण, परिणाम, की नुसता सोबती, हे त्यातून वेगळे काढणे अवघड आहे.

पारनेर तालुक्यात हा विषय बोलताना राळेगण सिद्धी विसरता येत नाही. 1975 मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी तेथे दारूच्या भट्ट्या बंद करवल्या. पिणाऱ्याला खांबाला बांधून मारले जाई, हे त्यांनीच सांगितले आहे. येथे व्यसनी माणूस गुन्हेगार ठरतो. पुढे 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथे तो आजारी माणूस ठरला. आणि व्यसनातून बाहेर पडलेलेच इतरांना हात देऊ लागले.

मारण्याचे समर्थन मला करवत नाही. ते अमानुष आहे, शिवाय धोक्याचेही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम होऊ शकतो आणि उपचारांविना जीवही जाऊ शकतो. पण राळेगणने एक गोष्ट ओळखली, ती दाहाच्या सिद्धान्तात बसत नाही. भट्टी दाराशी नसणे, पाणलोटाच्या कामातून शेताला पाणी आणि हाताला काम मिळणे, गावात मान असणे, यांचाही व्यसनाशी संबंध आहे. सगळा दोष एका पेशीवर ढकलला की दारूचे दुकान नजरेआड होते आणि गाव गोळीची वाट पाहत बसते. मुक्तांगणने आजाराची भाषा स्वीकारली, पण माणसाची सोबत सोडली नाही. नव्या सिद्धान्ताने तेवढे तरी तिच्याकडून घ्यावे.

मग वर्गात काय सांगावे? दारूचा परिणाम मेंदूच्या प्रतिकारपेशींवर होतो, याचे पुरावे आहेत. त्यामुळेच व्यसन लागते हे सिद्ध झालेले नाही. आणि या मार्गाने व्यसन सोडवणारे औषध अद्याप दुकानात मिळत नाही. ही तीन विधाने नववीच्या मुलांना सहज समजतात.

आणि त्या मुलाला? सुजेवरची गोळी देऊ नकोस. दारूबरोबर तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दारू अचानक बंद करायला लावू नकोस. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते, तूही बोलू शकतोस. आणि यात तुझी काही चूक नाही. त्या दिवशी मी फक्त "नाही, तसे नसते" म्हणालो आणि गाडी पकडायला निघालो. तो कोण, हे मला माहीत नाही. पण असा एक मुलगा बहुतेक प्रत्येक वर्गात बसलेला असतो. म्हणून हे सगळ्या वर्गाला सांगावे, त्याने मागे थांबून विचारण्याची वाट न पाहता.