‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला पुरतो का? र. धों. कर्वे वाचताना

छंदावर लिहून चार पैसे मिळायला लागले की लोकांचं वाईट बोलणं जास्त का झोंबतं? आमच्या कन्हेरीहून भिगवण फार लांब नाही. तिथले रोहित पक्षी हौसेनं बघणाऱ्याला कुणी ‘तुला काय कळतंय’ म्हटलं तर तो हसून सोडून देतो. त्याच पक्ष्यांवर लिहून घरखर्च भागवणाऱ्याला तेच वाक्य दोनदा लागतं, एकदा आवडीला आणि एकदा पोटाला. मग सगळे सांगतात, ‘दुर्लक्ष कर’. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. का, ते सांगते.

आधी संशोधन बघू. बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांचा २००१ चा आढावा-लेख म्हणतो की वाईट अनुभवाचा परिणाम तेवढ्याच चांगल्या अनुभवापेक्षा जास्त होतो. म्हणजे दहा कौतुकं विसरून एक टोमणा रात्रभर आठवत राहिला, तर तुम्ही काही जगावेगळे नाही. दुसरा प्रयोग लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा, १९७३ चा. बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या ५१ मुलांपैकी काहींना आधीच बक्षीस कबूल केलं होतं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. पण जपून! हा प्रयोग बक्षिसाबद्दल होता, शिव्यांबद्दल नव्हता, आणि तोही लहान मुलांवर. त्यावरून ‘छंदाचा धंदा करू नका’ असं ठोकून देणं पुराव्यात बसत नाही.

आता प्रत्यक्षातलं उदाहरण. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार की नोकरी, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं. हा छंद नव्हे, ध्यास होता, मान्य. पण पगार सोडून मनातल्या विषयावर लिहायचं आणि त्यापायी बोलणी खायची, हा अनुभव तोच.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ चा खटला तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. खटला हरले, दंड झाला. मासिक त्यानंतरही १९ वर्षं निघत राहिलं.

कर्वे दुर्लक्ष करत नव्हते, निवड करत होते. प्रश्न कितीही अवघड असो, त्याला उत्तर मिळे. आक्षेप आला की आधार मागितला जाई. संशोधकानं उचलावी अशी ही सवय आहे. त्यांची उणी बाजूही दिसते. उपरोध हे त्यांचं आवडतं हत्यार, आणि ते चालवताना खरोखर शंका असलेला वाचकही त्यात सापडतो. चूक दाखवणं आणि टर उडवणं यातलं अंतर त्यांनी दर वेळी राखलं असं मला वाटत नाही.

पण माझी खरी तक्रार कर्व्यांवर लिहिणाऱ्यांबद्दल आहे. त्यांच्या निर्भीडपणावर परिच्छेदच्या परिच्छेद येतात, आणि मासिक तोट्यात असताना घर मालतीबाईंच्या नोकरीवर चाललं, हे एका ओळीत उरकतं. लोकांच्या नाराजीला न भिण्याची ताकद स्वभावातून येते तशी महिन्याच्या पगारातूनही येते. ज्याचं पोट वाचकांच्या मर्जीवर आहे, त्याला ‘कातडी जाड कर’ असं सांगणं सोपं आहे, न्याय्य नाही.

संशोधनाला येणाऱ्यांनी हे आत्ताच ध्यानात घ्यावं. विषय तुमच्या आवडीचा असेल, फेलोशिपचे हप्ते लांबतील, आणि नेमका त्याच आठवड्यात पेपरवर कडक शेरा येईल. तेव्हा शेऱ्याचे तीन ढीग करा: प्रश्न, पुराव्याचा आक्षेप आणि नुसता अपमान. पहिल्या दोन्हींना लेखी उत्तर द्या, शक्यतो दुसऱ्या दिवशी आणि उपरोध गाळून. दुर्लक्ष फक्त तिसऱ्याकडे करायचं. आणि प्रवेश घेण्याआधी घरच्यांशी बसून हिशोब मांडा, की हप्ता आला नाही तर सहा महिने कोण सांभाळणार. ज्याचं किंवा जिचं नाव त्यात येईल, ते प्रबंधाच्या ऋणनिर्देशात शेवटी ‘तसेच’ म्हणून टाकू नका.