‘हवालदार’ शब्दाचा अर्थनिर्णय

मोडी कागदांच्या छापील संग्रहांत व खासगी दप्तरांच्या याद्यांत ‘हवालदार’ या शब्दास ‘लष्करांतील बिनसनदी अंमलदार’ अशी सरसकट टीप दिलेली पुष्कळदां आढळते. ही टीप अनेक ठिकाणीं चुकीची असून ती कागदाचा अर्थच फिरविते, असा आमचा आक्षेप आहे.

चुकीचें कारण उघड आहे. चाकूर येथें सीमा सुरक्षा दलाचें शिक्षणकेंद्र असल्यामुळें गणवेश व दर्जे तेथील लोकांच्या नित्य पाहण्यांत आहेत. भारतीय पायदळांत हवालदार हा नाइकाच्या वर व नायब सुभेदाराच्या खालीं असतो; बाजारांत तर पोलिसाच्या साध्या शिपायासही हवालदार म्हणून हांक मारतात. हेंच चित्र मनांत धरून सतराव्या शतकांतील कागद वाचला कीं वाचक फसतो.

अरबी ‘हवाला’ म्हणजे सोंपविणें आणि फार्सी ‘दार’ म्हणजे धारण करणारा. हा शब्द मुळांत पायरी सांगत नाहीं, जबाबदारी सांगतो. ती लहान कीं मोठी हें काय सोंपविलें यावर ठरतें. आदिलशाहींत परगण्याचा अंमलदारही हवालदारच होता. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत घोडदळांतील हवालदार २५ स्वारांवर आहे. पांच हवालदारांवर जुमलेदार व दहा जुमलेदारांवर हजारी. परंतु त्याच बखरींत गडावरील हवालदार सबनीस व सरनोबत यांच्या बरोबरीनें सबंध किल्ल्याचा कारभार पाहतो. एकाच राज्यांतील एकाच शब्दाचें हें अंतर टिपेंत पुसून जातें.

फार्सीमिश्रित राजभाषेमुळेंच हा घोटाळा झाला, असें कोणी म्हणेल. तें खरें नाहीं. स्लाव्ह लोकांच्या सैन्यांत ‘स्तार्शिना’ या शब्दाची गत अशीच झाली. त्याचा मूळ अर्थ वडीलधारा, प्रमुख. १६४८ त बोगदान ख्मेल्नित्स्कीच्या उठावांतून कोसॅकांचें जें राज्य उभें राहिलें, त्यांत सेनापतीभोंवतालचे चिटणीस, न्यायाधीश व तोफखान्याचे प्रमुख हे ‘स्तार्शिना’ म्हणविले जात. १८६१ त रशियांतील भूदासांची मुक्तता झाल्यावर अनेक खेड्यांच्या गटाचा निवडलेला शेतकरी मुख्यही याच नांवाचा. पुढें १९३५ त तांबड्या सेनेनें हा शब्द अधिकारीवर्गाच्या खालील सर्वांत वरिष्ठ दर्जास दिला. हा शेवटला अर्थ कोसॅकांच्या कागदास लावणारा न्यायाधीशास बराकींत नेऊन बसवील.

आपल्याकडे शब्दांची ही घसरण कंपनी सरकारच्या पलटणींत झाली. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हीं जुनीं नांवें तशींच ठेवून त्यांच्या माथ्यावर गोरे अधिकारी बसविले गेले. मोगल अमदानींत सबंध सुभ्याचा धनी असलेला सुभेदार पलटणींत हिंदी अंमलदारांच्या शिडीवर थांबला, आणि हवालदार त्याच्याही खालीं गेला. मराठवाड्यांत तर दोन्ही अर्थ एकाच काळीं नांदत होते. निजामाच्या राज्यांत औरंगाबाद व गुलबर्गा येथील सुभेदार अनेक जिल्ह्यांवरचे मुलकी अधिकारी होते. त्याच वेळीं हैदराबाद कंटिंजंटमधील सुभेदार गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं होता. कंटिंजंटचें स्वतंत्र अस्तित्व १९०३ त संपलें. निजामाचें राज्य १९४८ पर्यंत चाललें. त्यापूर्वींच्या कागदांत केवळ ‘सुभेदार’ एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं.

म्हणून संग्राहकांनीं प्रथम कागदाचा काळ, शिक्का व दप्तर पाहावें. मग हवाला कशाचा, गडाचा, परगण्याचा कीं पंचवीस स्वारांचा, हें मजकुरांतूनच काढावें आणि त्यानंतर टीप लिहावी. तें निघत नसेल तर मूळ शब्द तसाच राहूं द्यावा. चुकीच्या टिपेनें किल्ला राखणारा पुरुष वंशावळींत शिपाई होऊन बसतो, आणि एकदां छापलेली चूक पुढील संग्रह आधार म्हणून उचलतात.