गोधडी उलटी करून पाहताना

१

मराठी साहित्यात गोधडी शोधायला निघाले की ती पावलोपावली सापडते. संतकथेत सापडते, चरित्रात सापडते, शाळेच्या पुस्तकात सापडते. ही गोधडी शिवली कुणी, कधी, आणि तेवढा वेळ तिला मिळाला कुठून, असे विचारले की मात्र बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : मायेने शिवली. प्रस्तुत लेखात हे उत्तर थोडे तपासून पाहायचे आहे.

आधी माझी बाजू सांगते. मी लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत राहते. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचे वाचन ग्रंथालयांतून आणि मागून आणलेल्या पुस्तकांतून, तेही दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. त्यामुळे पुस्तक हातात घेतले तरी माझी नजर आधी शिवणीकडे जाते. हा दोष मानायचा असेल तर वाचकांनी मानावा; पण या दोषामुळेच काही गोष्टी दिसल्या, त्या मांडते.

गोधडीला आमच्याकडे कथडी म्हणतात. दुसरीकडे वाकळ म्हणतात. ‘कथडी’ची मुळे संस्कृत ‘कंथे’पर्यंत जातात, आणि जोगी-बैरागी अंगावर घेत त्या ठिगळांच्या वस्त्रालाही कंथाच म्हणत. म्हणजे शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो पांघरणारा. शिवणारी त्या शब्दात कुठे नाही. पुढे साहित्यातही असेच झाले, असे मला वाटते.

२

सर्वांना ठाऊक असलेली कथा जनाबाईच्या वाकळीची. विठ्ठल रात्री जनीकडे येतो, बोलत बोलत तिथेच झोपतो. पहाट होते, देव घाईने निघतो आणि आपले पदक, शेला विसरून जनीची वाकळ पांघरून देवळात जातो. चोरीचा आळ जनीवर येतो, तिला सुळी देण्याची वेळ येते आणि सुळाचे पाणी होते. कीर्तनकार ही कथा सांगतात तेव्हा भर असतो तो देवाच्या भोळेपणावर. देवाला शेल्यापेक्षा वाकळ प्रिय वाटली, यात वाकळीचा मोठेपणा.

जनाबाई नामदेवांच्या घरातली. ते घर शिंप्याचे. शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची हत्यारे भक्तीची रूपके होऊन येतात. पुरुषाच्या धंद्यातली सुई अशी ग्रंथात पोहोचली. त्याच घरातल्या दासीच्या हातातली सुई वाकळीच्या कथेत दिसत नाही. दिसते ती तयार वाकळ. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी वेचतो. वाकळीच्या कथेत मात्र तो शिवायला बसत नाही, पांघरून निघतो. देवाने जनीची इतकी कामे वाटून घेतली. हे एक तेवढे या कथेत तिच्याकडेच राहिले आणि त्याचा उल्लेखही राहिला नाही.

दुसरे उदाहरण आमच्या विदर्भातले. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे, ठिगळांचे वस्त्र वापरत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. बाबांच्या बाबतीत गोधडी हा विचार होता. श्रीमंतीला दिलेले उत्तर होते. त्याविषयी मला आदरच आहे. इथे सांगायचे एवढेच की गोधडी पांघरली तर माणसाला नाव मिळू शकते. गोधड्या शिवण्यात आयुष्य गेले म्हणून एखादीचे नाव पडल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

तिसरे उदाहरण यंत्राचे आहे, पण आपल्या विषयाशी जवळचे. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या तरुणाने गांधीजींना विचारले, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे काय? महादेवभाईंनी हे संभाषण ‘यंग इंडिया’त दिले आणि पुढे ‘हिंद स्वराज’च्या प्रस्तावनेतही ते आले. गांधीजींनी शिवणयंत्राचा अपवाद केला. सिंगरने आपल्या पत्नीला हाताने शिवण करताना कष्टताना पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमातून हे यंत्र बनवले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

इतिहास थोडा वेगळा आहे. एलियास हाउने १८४६ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. आयझॅक सिंगर १८५० साली बोस्टनमधल्या एका कारखान्यात होता. तिथे दुरुस्तीला आलेले दुसऱ्याचे शिवणयंत्र त्याने पाहिले, त्यात सुधारणा केली आणि १८५१ मध्ये स्वतःचे पेटंट घेतले. त्यामागे धंद्याचा हिशेब होता. पुढे हाउने त्याच्यावर खटला भरला आणि जिंकला. बायकोला शिवताना पाहून यंत्र सुचल्याची गोष्ट सांगितली जाते ती खरे तर हाउबद्दल, आणि तीत बायको घर चालवायला पैसे घेऊन शिवत होती. गांधीजींच्या तोंडी ती सिंगरच्या नावावर गेली आणि पैशाची बाजू गळून प्रेम तेवढे राहिले. गांधीजींची चूक काढण्याचा हेतू नाही. शिवणाच्या बाबतीत प्रेमाचे कारण आपल्याला किती चटकन पटते, एवढेच यातून दिसते. मोटेच्या किंवा नांगराच्या शोधाला असे कारण आपण लावत नाही.

३

या सगळ्याला छेद देणारी पुस्तके मराठीत आहेत. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) मला त्यात महत्त्वाची वाटते. कौतिकचा नवरा महादेव शिंपी आहे. पण महादेवच्या शिवणकामावर घर चालत नाही. ते कौतिकच्या मजुरीवर चालते. ‘धग’वर लिहिताना समीक्षक कौतिकच्या सोसण्याविषयी, तिच्या शोकांतिकेविषयी लिहितात, ते योग्यच आहे. मला त्याच्या आधीची एक पायरी दिसते. शिवणाचा धंदा पुरुषाचा, तो बसला तरी त्याची ओळख शिंपी म्हणूनच राहते. कौतिक दिवसभर जे करते त्याला धंद्याचे नाव नाही. शेळके तिच्या कष्टाला मायेचा मुलामा देत नाहीत. काम, उपास, पुन्हा काम अशी कादंबरी पुढे सरकते. म्हणून तिची धग वाचणाऱ्याला लागते.

दुसरे नाव बहिणाबाई चौधरी यांचे (१८८०–१९५१). सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरची त्यांची कविता पाठ नाही असे घर विरळा. ती कविता पिल्लांवरच्या जिवाविषयी आहे, हे खरे. पण कवयित्रीची नजर पाखराच्या अवजारावरही थांबते. एवढ्याशा चोचीने हे कसे विणले, हा प्रश्न तिला पडतो. हा प्रश्न हाताने काम करणाऱ्या बाईचा आहे. बहिणाबाई घरकाम आणि शेतकाम करता करता रचत होत्या, दुसऱ्यांनी ते लिहून घेतले, आणि पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आले. कामाच्या आतून पाहणे म्हणजे काय, याचा नमुना म्हणून मी ती कविता वाचते.

कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शाळेच्या पुस्तकात आली. शेजारचा मुलगा ती घेऊन माझ्याकडे आला. काकू, तुम्ही शिवता म्हणून विचारतो, म्हणाला. कविता चांगली आहे. गोधडीत घरच्या माणसांचे कपडे असतात आणि कपड्यांबरोबर आठवणी असतात, हे तिने मुलांपर्यंत नेले. मुलाला उत्तर लिहायचे होते ते उबेविषयी. मी त्याला उत्तर सांगितले आणि मग विचारले, तुझ्या घरी कथडी कोण शिवते? आजी, म्हणाला. कधी शिवते? त्याला सांगता आले नाही. रोज त्याच घरात असून त्याने ते पाहिले नव्हते. यात त्याचा दोष नाही. कविता कथडीच्या खाली निजलेल्या मुलाच्या जागेवरून लिहिलेली आहे, आणि आपण सगळेच गोधडी त्याच जागेवरून वाचत आलो.

४

आता माझ्याकडच्या एका कथडीविषयी. मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत भावजयीने माहेरची पेटी उपसली आणि मायची अर्धी शिवलेली कथडी बाहेर काढली. भांडेवाली दारात बसलेली होती. जुन्या कपड्यांवर ती स्टीलचे गंज देत होती. भावजय म्हणाली, “बाई, अर्धीच हाये, कोन पांघरनार?” मी ती मागून घरी आणली.

पुस्तक वाचावे तशी मी ती वाचली. वर दोन लुगडी, खाली धोतराचे अस्तर, आत लहान कपड्यांचे तुकडे. धावदोरा काठापासून सुरू होऊन चौकोना-चौकोनाने आत गेलेला. पहिल्या चार फेऱ्यांत टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि सारखे. पाचव्या फेरीत एका बाजूला ते अचानक लांब होतात, हातभर जाऊन पुन्हा बारीक होतात. मग दोऱ्याचा रंग बदलतो.

कथडी उलटी केली. मागच्या बाजूला गाठी होत्या. दोरा संपला की गाठ येतेच, म्हणून प्रत्येक गाठीचा अर्थ लावणे बरोबर नाही. मी फक्त गाठींमधली अंतरे पाहिली. सुईत आपण साधारण हातभर दोरा ओवतो, तेवढ्या अंतरावरची गाठ म्हणजे दोरा संपला. पण कित्येक गाठी वीतभर अंतरावर होत्या. तिथे दोरा शिल्लक असताना तो तोडलेला आहे. कुणी हाक मारली असेल, भात उतू गेला असेल, गाय सुटली असेल. कारण मला सांगता येणार नाही; काम मध्येच सुटले, एवढे कथडी सांगते.

आमचा भाग धानाचा. पावसाळ्यात बांध्यांमध्ये रोवणी, मग निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणे. उन्हाळ्यात शेत रिकामे होते, पण बाई रिकामी होत नाही. आधी मोहफुले वेचायची, मग तेंदूपत्ता. मधल्या काळात घरोघरी विड्या वळल्या जात. विडीलाही दोरा लागतो, पण तिचा हिशेब हजारावर होता, मजुरी त्यावर ठरे. कथडीचे टाके हजारांनी असतात आणि ते कुणी मोजत नाही.

मोजणाऱ्यांनाही ते जमलेले नाही. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी बायकांची त्यात रोज २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे जातात, असे तीत आढळले. ही पाहणी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यांत केलेली होती. भाताला आधण येईपर्यंत घातलेले वीस-पंचवीस टाके त्या कप्प्यात बसत नाहीत. आणखी एक अडचण वर्गीकरणाची. अशा पाहण्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरच्यासाठी नवे कापड किंवा कपडा तयार करणे हे ‘उत्पादन’ धरतात, आणि कपड्याची डागडुजी ही ‘घरकामा’त जाते. कथडी कशात घालायची? ती नवी वस्तू आहे आणि सगळी जुन्याची डागडुजी आहे. मायला या वर्गीकरणाचे काही वाटले नसते. मला वाटते, कारण मी शिवलेला ब्लाउज धंद्यात मोजला जातो आणि तिची कथडी मायेत.

५

मग माया खोटी का? नाही. ज्यांच्यासाठी कथडी शिवली त्यांच्यावर जीव नसता तर भाताच्या आधणाच्या वेळी सुई कुणी धरली असती? माझे म्हणणे असे की माया हे उत्तर इतक्या लवकर दिले जाते की पुढचे प्रश्न राहून जातात. लुगडे भांडेवालीला देऊन गंज घ्यायचा की कथडीत घालायचे, हा निर्णय होता. बारीक टाका घालून वर्ष लावायचे की लांब टाका घालून थंडीआधी आटपायचे, हाही निर्णय होता. निर्णय घेणारी बाई कारागीर असते. तिला नुसती प्रेमळ म्हटले की तिची कारागिरी नजरेआड होते.

स्वतः मायने काय म्हटले असते, हे मला थोडे ठाऊक आहे. शेजारणीने एकदा आधीच्या कथडीचे कौतुक केले होते, तेव्हा ती म्हणाली होती, “येर भेटला त सिवली.” झाडीबोलीत येर म्हणजे वेळ. तिने वेळेचे उत्तर दिले होते. मायेचे उत्तर आम्ही नंतर, तिच्या तेराव्याला आलेल्या लोकांसमोर दिले.

ही कथडी पुरी करावी का, यावर मी वर्षभर अडले आहे. माझ्या मशीनवर ती दुपारभरात होईल. पण मग कुठे तिचा टाका संपला हे दिसणार नाही. हाताने करायची तर येर भेटायला हवा. तोवर ती घडी करून कपाटात ठेवली आहे, उलटी बाजू वर करून.