नावे बाजूला ठेवलेले पाच गायक

मोठी माणसे एकत्र आली की काम आपोआप मोठे होते, असा भाबडा समज सर्वच क्षेत्रांत आढळतो. पाश्चात्त्य रॉक संगीतही त्याला अपवाद नाही. निरनिराळ्या वाद्यवृंदांतून आधीच कीर्ती मिळवलेले कलावंत एकत्र येऊन नवा वृंद उभारतात, तेव्हा त्याला तेथे ‘सुपरग्रुप’ म्हणतात. अशा वृंदांचा इतिहास चाळला असता आम्हांस त्यात यशापेक्षा भंगाच्याच कथा अधिक दिसतात.

‘ब्लाइंड फेथ’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह विनवूड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच हे चौघे १९६९ साली एकत्र आले. त्याच वर्षी ७ जून रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांना ऐकण्यासाठी सुमारे एक लाखाचा समुदाय लोटला. परंतु अमेरिकेच्या दौऱ्यात श्रोते नव्या गाण्यांऐवजी त्यांच्या जुन्या वृंदांच्या गाण्यांची मागणी करू लागले. ऑगस्ट संपता संपता दौरा आटोपला आणि वृंदही मोडला. मागे एकच ध्वनिमुद्रिका राहिली. तिच्यात क्लॅप्टनचे ‘प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड’ हे प्रार्थनेच्या जवळ जाणारे गीत आहे. गुणांची वाण नव्हती. मात्र मोठ्या नावांनी माणसांना मोकळे राहू दिले नाही.

या पार्श्वभूमीवर ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ या वृंदाची कथा आम्हांस विशेष विचारणीय वाटते. १९८८ च्या वसंतात बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांना एका तबकडीच्या मागच्या बाजूसाठी जादा गाणे हवे होते. त्यांच्यासोबत निर्माते जेफ लिन आणि साठीच्या दशकातील विख्यात गायक रॉय ऑर्बिसन होते. ध्वनिमुद्रणासाठी जागा हवी म्हणून बॉब डिलन यांना दूरध्वनी केला. हॅरिसन यांची गिटार टॉम पेटी यांच्या घरी राहिली होती. ती आणावयास गेले, तेव्हा पेटीही सोबत आले. डिलन यांच्या गॅरेजमध्ये गाणे झाले आणि तेथेच पडलेल्या एका खोक्यावरील सूचनेवरून त्याचे नाव पडले, ‘हॅंडल विथ केअर’. गाणे ऐकल्यावर ते तबकडीच्या मागे दडवू नये, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाटले. मग मे महिन्यात सुमारे दहा दिवसांत पाचांनी मिळून संपूर्ण ध्वनिमुद्रिकेची गाणी रचली. १८ ऑक्टोबर १९८८ रोजी ती प्रसिद्ध झाली.

तिच्यावर पाचांची छायाचित्रे आहेत, परंतु खरे नाव एकाचेही नाही. नेल्सन, ओटिस, लेफ्टी, चार्ली आणि लकी अशी कल्पित नावे घेऊन ते एकाच विल्बरी बापाचे सावत्र भाऊ बनले. गीतांचे कर्तृत्वही सर्वांचे मिळून. ‘विल्बरी’ हा शब्द म्हणजे हॅरिसन आणि लिन यांनी ध्वनिमुद्रणातील बारीकसारीक चुकांना थट्टेने दिलेले नाव, असे सांगितले जाते. कीर्तीच्या शिखरावरील पाच जणांनी चुकीचे नाव धारण करावे, हा विनोद आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसमवेत काम करणाऱ्या आणि पंडित रविशंकर यांच्यापुढे शिष्य म्हणून बसलेल्या हॅरिसन यांना ही वृत्ती नवी नसावी.

केवळ गंमत म्हणून ही ध्वनिमुद्रिका बाजूस सारणारे टीकाकार आहेत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. ‘डर्टी वर्ल्ड’ हे द्व्यर्थी गाणे कुटुंबात बसून ऐकण्याजोगे नव्हे. लिन यांची गुळगुळीत निर्मितीही काही ठिकाणी गाण्यांचा खरखरीत पोत पुसून टाकते. तथापि ‘हॅंडल विथ केअर’मध्ये हॅरिसन यांच्या साध्या स्वरानंतर ऑर्बिसन यांचा उंच, करुण आवाज येतो, तेव्हा बाकीचे कसे मागे सरतात, हे लक्षपूर्वक ऐकावे. वृंदगायनात ज्यांनी आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळला आहे, त्या आमच्या वाचकांना या मागे सरण्याचे मोल सांगावयास नको.

ध्वनिमुद्रिका निघाल्यानंतर सातच आठवड्यांनी, ६ डिसेंबर रोजी, ऑर्बिसन वयाच्या ५२ व्या वर्षी निवर्तले. ‘एंड ऑफ द लाइन’ या गाण्याच्या चित्रफितीत चौघे आगगाडीच्या डब्यात गात आहेत. ऑर्बिसन यांचा स्वर येतो, तेव्हा झुलत्या खुर्चीत त्यांची गिटार तेवढी दिसते. पाचव्याच्या जागी दुसरा कोणी बसवला गेला नाही. १९९० साली चौघांनी दुसरी ध्वनिमुद्रिका काढली आणि थट्टेने तिला तिसरा खंड म्हटले. ती आम्हांस उणी वाटते. नवी टोपणनावे आहेत, चालींत चपळाई आहे, पण जो आवाज पुढे यावा म्हणून इतरांनी मागे सरावे, तो आवाजच तेथे नाही. त्याच वर्षी रुमानियातील अनाथ मुलांच्या साहाय्यार्थ त्यांनी ‘नोबडीज चाइल्ड’ हे जुने गीत गाइले, याची मात्र कृतज्ञतेने नोंद केली पाहिजे.

विल्बरींनी दौरा कधीच केला नाही. हॅरिसन २००१ मध्ये, तर पेटी २०१७ मध्ये निधन पावले. २००७ साली दोन्ही ध्वनिमुद्रिका एकत्र पुन्हा निघाल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये त्या प्रथम क्रमांकावर गेल्या. ‘ब्लाइंड फेथ’ला त्यांची नावे जड झाली, विल्बरींनी ती दाराबाहेर ठेवली आणि आत फक्त गाणे नेले. पहिली ध्वनिमुद्रिका वाचकांनी अवश्य ऐकावी. घरातील तरुण मुलांना सोबत घेऊन ऐकावी आणि कोणता आवाज कोणाचा, हे ओळखण्याची घाई करू नये.