बेटावरचे संगीत : ऐकणारे आणि गाणारे

२४ जूनला संत जॉन बाप्तिस्ता ह्याचा जन्मोत्सव येतो. आपल्याकडे त्या सुमारास पाऊस स्थिरावलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि गोव्यातील तरुण मंडळी डोक्यावर फुलापानांचे मुकुट चढवून तुडुंब विहिरींत उड्या घेत असतात. त्याच दिवसांत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात रात्र अशी जवळजवळ होतच नाही. सूर्य क्षितिजाखाली घटकाभर विसावतो आणि पुन्हा वर येतो. तेथे ह्या सणाला जॉन्समस म्हणतात. १९७७ पासून ह्याच उजेडाच्या दिवसांत तेथे सेंट मॅग्नस संगीतोत्सव भरत आला आहे. त्यातील साहित्यवाचनाच्या कार्यक्रमाचे नाव आजही 'जॉन्समस फॉय' असेच आहे. फॉय म्हणजे तेथील बोलीत आनंदाचा मेळावा.

आम्ही ऑर्कनीला गेलेलो नाही. आमचा परिचय ध्वनिमुद्रणांचा, संगीतसंहितांचा आणि जॉर्ज मॅके ब्राऊन ह्या कवीच्या पुस्तकांचा. तरीही ह्या उत्सवाचे परीक्षण करावेसे वाटले, त्याला एक घरगुती कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो तेथे सणाच्या नोव्हेनासोबत संगीताच्या नऊ संध्याकाळी ठेवाव्यात, ही कल्पना आमचीच. बाहेरून नामांकित वाद्यवृंद आणले, ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या केल्या, गर्दीही लोटली. आमचा गायकवृंद तेवढा नऊ दिवस खुर्च्यांवर बसून राहिला. पुढल्या रविवारी तो वेदीजवळ उभा राहिला तेव्हा निम्म्या जागा रिकाम्या होत्या. "फादर, आता आमचं कोण ऐकणार?" असे आमच्या जुन्या ऑर्गनवादकाने विचारले. त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. लहान वस्तीत मोठे संगीत आणले की वस्तीचे स्वतःचे गाणे वाढते की मरते? ऑर्कनीच्या उत्सवाकडे आम्ही पाहतो ते ह्या प्रश्नासह.

ही सुमारे सत्तर बेटे. त्यांपैकी वीसेक बेटांवरच मनुष्यवस्ती. सारी लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाइतकी. ह्या बेटांवर १९७० साली पीटर मॅक्सवेल डेव्हिस हा इंग्रज संगीतरचनाकार आला. नवसंगीतातील बंडखोर म्हणून त्याची ख्याती, किंवा कुख्याती, झालेली होती. १९६९ सालची त्याची 'एट साँग्ज फॉर अ मॅड किंग' ही रचना ऐकणाऱ्याला आमचे म्हणणे पटेल. तिच्यात गायक गातो त्यापेक्षा अधिक किंचाळतो. असा हा माणूस हॉय बेटावरील रॅकविक नावाच्या जवळजवळ ओसाड झालेल्या खोऱ्यात, समुद्रकड्यावरच्या पडक्या घराची डागडुजी करून राहू लागला. शांततेच्या शोधात तो आला होता. त्याला शांतता मिळाली आणि मॅके ब्राऊनही भेटला.

ब्राऊन स्ट्रॉमनेसचा. १९२१ साली तेथेच जन्मला आणि १९९६ साली वारला. प्रेस्बिटेरियन वातावरणात वाढलेल्या ह्या कवीने १९६१ साली, वयाच्या चाळिशीत, कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्या बेटांवर कॅथलिक मूठभर. तेव्हा हा निर्णय एकाकी माणसाचाच म्हणावा लागेल. त्याच्या 'मॅग्नस' (१९७३) ह्या कादंबरीवरून डेव्हिसने 'द मार्टर्डम ऑफ सेंट मॅग्नस' ही छोटी संगीतिका रचली, आणि १८ जून १९७७ रोजी कर्कवॉल येथील सेंट मॅग्नस कॅथेड्रलमध्ये तिच्या प्रयोगाने उत्सवाचा पाया घातला गेला.

मॅग्नसची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. तो बाराव्या शतकाच्या आरंभीचा ऑर्कनीचा अर्ल. नॉर्वेच्या राजाच्या स्वारीत, १०९८ साली मेनाई सामुद्रधुनीत लढाई जुंपली असता त्याने शस्त्र उचलण्यास नकार दिला आणि बाणांच्या वर्षावात जहाजावर उभा राहून तो स्तोत्रे गात राहिला, असे जुन्या आख्यानात सांगितले आहे. पुढे सत्तेचा वाटेकरी असलेला त्याचा भाऊबंद हाकोन ह्याच्याशी वितुष्ट आले. पास्काच्या दिवसांत एगिलसे बेटावर तह करण्यासाठी दोघांनी दोन दोन जहाजे घेऊन यावे असे ठरले. हाकोन आठ जहाजे घेऊन आला. ध्वजवाहकाने मॅग्नसचा वध करण्याचे नाकारले, तेव्हा ते काम हाकोनच्या स्वयंपाक्यावर सोपविण्यात आले. हे सुमारे १११७ मधले. मॅग्नसच्या भाच्याने ११३७ साली त्याच्या स्मरणार्थ तांबड्या-पिवळ्या वालुकाश्माचे कॅथेड्रल बांधावयास घेतले. १९१९ मध्ये तेथील एका खांबाच्या पोकळीत अस्थी सापडल्या. कवटीवर घावाची खूण होती.

ज्या वास्तूच्या खांबात हुतात्म्याच्या अस्थी आहेत त्याच वास्तूत त्याच्या हौतात्म्याची संगीतिका व्हावी, हा योग कोणत्याही नाट्यगृहाला लाभणार नाही. आणखी एक गोष्ट. १४८६ साली राजा तिसरा जेम्स ह्याने हे कॅथेड्रल कर्कवॉलच्या नागरिकांच्या स्वाधीन केले. आज तेथील उपासना चर्च ऑफ स्कॉटलंडची असली तरी वास्तू लोकांची आहे.  ती घरच्या ओसरीसारखी आहे.

संगीतिकेविषयी आमचे मत मात्र संमिश्र आहे. पाच गायक आणि मोजकी वाद्ये घेऊन डेव्हिसने मेनाईची लढाई उभी केली आहे, ती विलक्षण आहे. कर्कश वाद्यकल्लोळातून मॅग्नसचा स्तोत्रगायनाचा सूर तुटू न देता पुढे नेणे हे मोठ्या रचनाकाराचेच काम. परंतु मध्यंतरी बाराव्या शतकातून विसाव्या शतकात उडी घेण्यासाठी त्याने वार्ताहरांचा जो प्रवेश घातला आहे, तो आज शिळा वाटतो. वर्तमानपत्री भाषेचे विडंबन वर्तमानपत्राइतकेच अल्पायुषी ठरते. ही उडी मूळ ब्राऊनचीच. त्याच्या कादंबरीत वधाचा प्रसंग अकस्मात नाझी छळछावणीत जाऊन पोहोचतो. पण ब्राऊनच्या हाती ही उडी ख्रिस्तयागाच्या अर्थातून सिद्ध होते : वेदीवरचे बलिदान एकच, ते सर्व काळांत घडत असते, म्हणून एगिलसेचा खाटीक आणि छावणीतला खाटीक एकाच ठिकाणी उभे राहू शकतात. डेव्हिस श्रद्धावंत नव्हता. त्याने खाटीक ठेवला, वेदी मात्र अंधारात ढकलली. राहिली ती राजकीय हत्या. ती प्रभावी आहे, पण अपुरी आहे.

आणि तरीही, संहितेने जे गाळले ते संगीताने मागल्या दाराने परत आणले आहे. ग्रेगोरियन गायनाचा अभ्यास ह्या अश्रद्ध माणसाच्या हाडीमाशी खिळला होता. शेवटी थडग्यापाशी अंध मेरीला दृष्टी मिळते, संन्याशांचे गायन ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याला प्रार्थनेच्या दारात आणून सोडल्यासारखे होते.

येथे एक जुने स्तोत्र आठवते. मॅग्नसच्या स्तवनार्थ रचलेले 'नोबिलिस हुमिलिस' हे लॅटिन स्तोत्र स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या तेराव्या शतकातील हस्तलिखितात टिकून राहिले आहे. डेव्हिसने त्याच्या आधारे १९७२ साली 'हिम टू सेंट मॅग्नस' ही रचना केली होती. ह्या दुपदरी स्तोत्राचे वैशिष्ट्य असे की दोन आवाज बहुतांशी तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने चालतात. एक षड्जावर असेल तर दुसरा गंधारावर. त्या काळच्या युरोपीय चर्चसंगीतात हे दुर्मीळ होते. तेथे पंचमाचे आणि चतुर्थाचे राज्य. आता गोव्याचा मांडो आठवावा, किंवा आपल्याकडील लग्नघरी दोन बाया गाणे धरतात तेव्हा दुसरी आपोआप वरचा सूर कसा लावते ते आठवावे. दोन्हींत काही ऐतिहासिक नाते आहे असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. पण हे स्तोत्र आम्ही प्रथम ऐकले तेव्हा परके वाटले नाही, एवढे खरे.

आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र ह्या संगीतिकेत नाही. ती लंडनहून आलेल्या निष्णात कलावंतांनी केली. बेटकरी समोर बसून राहिले. उत्तर पुढल्या वर्षी मिळाले. जून १९७८ मध्ये डेव्हिसने कर्कवॉल ग्रामर स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी 'द टू फिडलर्स' ही संगीतिका दिली. कथा पुन्हा ब्राऊनचीच. दोन फिडलवादक लग्नघरून रात्री परतत असता त्यांतील एकाला, स्टॉर्मला, ट्रोल नावाची भुतावळ आपल्या टेकडीत ओढून नेते. तो त्यांच्यासाठी वाजवतो आणि मोबदल्यात वर मागतो की ऑर्कनीच्या लोकांना पुन्हा कधी कष्ट पडू नयेत. बाहेर येतो तो एकवीस वर्षे लोटलेली असतात. वर फळाला आलेला असतो. लोक सुस्तावलेले, आयते खाणारे, दूरदर्शनच्या पडद्यापुढे खिळलेले, गाणे-नाचणे विसरलेले. शेवटी स्टॉर्म फिडल हाती घेतो आणि ती मोहिनी तोडतो.

बाहेरून आलेल्या रचनाकाराने बेटाच्या मुलांना ही कथा गावयास द्यावी, ह्यात एक धारदार विनय आहे. बाहेरची करमणूक तुम्हांला मुके करील, हा इशारा तो त्यांच्याच तोंडी घालतो, आणि तो ऐकवण्यासाठी त्यांना वाजवणे भाग पाडतो. मुलांसाठी लिहिताना त्याने पातळी खाली आणली नाही, मोजमाप तेवढे बदलले. कोणत्या वाद्यावर कोणाचा हात किती बसला आहे हे पाहून लिहिले. पण ताल अवघड ठेवला, विसंवादी स्वरही ठेवले. पुढे कर्कवॉलच्या पॅपडेल प्राथमिक शाळेसाठी बाजारहाटाची गाणी आली (१९७९), 'सिंड्रेला' आली (१९८०). डेव्हिसच्या सिंफनी आदराने ऐकाव्यात. पण न्यायाच्या दिवशी त्याच्या बाजूने साक्ष द्यावयास ही पोरेच पुढे येतील असा आमचा कयास आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात अपेक्षा व्यक्त केली की भाविकांनी परक्यांसारखे, मुक्याने पाहत बसू नये. मैफल ही उपासना नव्हे, आणि नीट ऐकणे हाही सहभागच आहे, हे आम्ही जाणतो. सेमिनरीत असताना हा मुद्दा आम्ही फार आवेशाने खोडून काढीत असू; आता तसा आवेश राहिला नाही. तरी लहान वस्तीतील मैफलींना ही कसोटी लावून पाहण्यास हरकत नसावी.

तिच्यावर उत्सवाची सगळीच वर्षे सारखी उतरत नाहीत. २१ जून १९८६ रोजी डेव्हिसच्या व्हायोलिन कन्चेर्तोचा पहिला प्रयोग कर्कवॉलमध्ये झाला. वादक आयझॅक स्टर्न, संचालक आंद्रे प्रेविन, साथीला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. एवढ्याशा गावात हे घडावे ह्याचे कौतुक वाटते, आणि किंचित धास्तीही. आमच्या नऊ संध्याकाळी आठवतात. ऑर्कनीत मात्र खुर्च्यांवर बसलेला गायकवृंद नव्हता. उत्सवाचा स्थानिक मंडळींचा स्वतःचा गायकवृंद आहे. पाहुणा वाद्यवृंद येतो तेव्हा त्याच्यासोबत हे हौशी लोक उभे राहून गातात. उत्सव जूनमध्ये, पण त्यासाठीच्या तालमी दिवसातून सहाच तास उजेड असणाऱ्या हिवाळ्यात कराव्या लागतात. आमच्या लेखी बेटाचा खरा संगीतहंगाम तो.

एका छोट्या पियानोरचनेबद्दल लिहिल्याविना हे परीक्षण पुरे होणार नाही. सत्तरच्या दशकात स्ट्रॉमनेसजवळ युरेनियमच्या खाणीची टांगती तलवार होती. तिच्या विरोधात डेव्हिसने १९८० च्या उत्सवात 'द यलो केक रेव्ह्यू' हा गद्यपद्य कार्यक्रम सादर केला. 'फेअरवेल टु स्ट्रॉमनेस' हा त्यातील एक विसावा. डाव्या हाताचा सूर पावले टाकीत चालतो, गाव सोडून निघालेल्या माणसांसारखा. वर एक साधी, लोकगीताच्या वळणाची चाल. खाण झाली नाही. चाल मात्र जगभर गेली आणि लग्नसमारंभांत गोड पार्श्वसंगीत म्हणून वाजू लागली. गोड वाजवणारे तिचा डावा हात ऐकत नाहीत, अशी आमची तक्रार आहे.

ती चाल तिच्या पुऱ्या अर्थाने वाजली १६ एप्रिल १९९६ रोजी. तो संत मॅग्नसचा सण. त्या दिवशी सेंट मॅग्नस कॅथेड्रलमध्ये मॅके ब्राऊनचा अंत्यविधी झाला. त्या प्रेस्बिटेरियन वास्तूत कॅथलिक बिशप मारिओ कॉन्टी उपस्थित होते, आणि अश्रद्ध डेव्हिस आपल्या मित्रासाठी पियानोवर बसला. तोही २०१६ साली ऑर्कनीतच, सँडे बेटावर वारला.

सध्याच्या धर्मग्रामात आम्ही 'नोबिलिस हुमिलिस' बसवावयास घेतले आहे. बारा जण येतात, त्यांत कोळीवाड्यातील चौघे. होड्या वर असल्याने त्यांना सवड आहे. वरचा आवाज तयार झाला. खालचा अजून चौथ्या ओळीत वरच्याला जाऊन मिळतो आणि सगळे हसतात. पुन्हा पहिल्यापासून धरतो.