बघणारे वाढले, उतरणारे कुठे गेले?

तरुण पोरं आणि खेळ हा विषय निघाला की आपल्या भोकरमध्येही एक वाक्य ठरलेलं असतं: "मोबाइलमुळं पोरं बिघडली, खेळाची आवडच राहिली नाही." आम्हाला हे निदान पटत नाही. आवड आहेच, तिचं स्वरूप बदललं आहे. ते कसं, हे पिढी-पिढीनं बघू.

आजोबांची पिढी माळेगावच्या जत्रेत कुस्त्या बघायला जायची. त्यातल्या अनेकांनी स्वतः कधीतरी लंगोट बांधलेला असायचा. कुणी पट काढला, कुणी घिस्सा मारला, हे त्यांना सांगावं लागत नसे. निलंगा तालुक्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते अशाच खेड्यातून वर आलेले. पण त्या काळाचे नुसते गोडवे गाणंही बरोबर नाही. त्या आखाड्यात बाईला जागा नव्हती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं.

वडिलांच्या पिढीला १९८३ चा विश्वचषक मिळाला. रेडिओवर ऐकायचं, टीव्हीवर बघायचं आणि संध्याकाळी रिकाम्या रानात तेच खेळायचं. बघणं आणि खेळणं अजून जोडलेलं होतं.

२००८ साली आयपीएल आली, २०१४ साली प्रो कबड्डी. दमावरची चढाई ३० सेकंदांच्या घड्याळावर आली. याबद्दल आमची तक्रार नाही. कबड्डीपटूला पैसा मिळाला, नाव मिळालं. प्रश्न वेगळा आहे. मॅटवरचा सामना बघून उठलेल्या तालुक्याच्या पोरानं जायचं कुठं? त्याला मैदान मिळालं नाही, ॲप मिळालं. दोन्ही संघांतले खेळाडू निवडायचे, पैसे लावायचे आणि आपले पॉइंट मोजायचे. मग सामना कोण जिंकतंय याचंही सुखदुःख उरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, हे बरंच झालं. पण कायदा पैसे लावणं थांबवतो. खेळायला जागा देत नाही.

आणि ही पोरं आळशी म्हणावीत, तर पहाटे रस्त्यावर बघा. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी जीव तोडून पळतात. भरती झाली किंवा वय निघून गेलं, की पळणं संपतं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रमाणपत्राचं महत्त्व सगळ्यांना कळलं. खेळाचं कळायचं राहिलं.

म्हणजे आवड आहे, अंगात दमही आहे. शाळेचा संघ सुटला की पुढची पायरी मात्र नाही. तालुक्याला वर्षभर चालणारं मैदान, रोज शिकवणारा माणूस आणि ठरलेल्या तारखेला होणारे सामने, मुलांचे आणि मुलींचेही, एवढं तरी आपण मागायला हवं. ते मागितल्याशिवाय पोरांना नावं ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.