बेरजेची डिस्क

३०,००० भागिले १००, बरोबर ३००. तिसरीतल्या पोराला तोंडी जमावा असा हा भागाकार. संगणकशास्त्रातल्या एका अतिशय देखण्या निबंधाचा सगळा भार त्याच्यावर आहे.

निबंध १९८८ सालचा. लिहिणारे तिघे, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले: डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ. गिब्सन तर तेव्हा विद्यार्थीच होता. शिकागोला भरलेल्या सिगमॉड परिषदेत निबंध मांडला गेला. छापील पानं आठ. एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या स्वस्त डिस्कांच्या ताफ्याची ही वकिली, आणि 'रेड' हा शब्द जगभर गेला तो इथूनच. आज कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात तो भाजीच्या भावासारखा उच्चारला जातो.

माझ्या कानावर तो परवा पडला बंगळुरूच्या एस. पी. रोडवर. राजाजीनगरहून मेट्रोने पाचवं स्टेशन चिकपेट. तिथे उतरून चालत गेलं की केबल, कीबोर्ड आणि रॅमच्या पट्ट्यांनी गच्च भरलेल्या त्या गल्ल्या सुरू होतात. घरच्या कॉम्प्युटरसाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या. घरी ५०० जीबीची एक एसएसडी होती आणि जुन्या कॅबिनेटमधून काढलेली २ टीबीची एक डिस्क. दोन नव्या डिस्कवर सगळं सारखंच लिहायचं, एक गेली तर दुसरी आहे, एवढा साधा माझा बेत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, अजून एक घ्या. तीन झाल्या की रेड फाइव्ह होतं, आठ टीबी वापरायला मिळतात. मिररमध्ये अर्धी जागा फुकट जाते."

फुकट! हा शब्द मेट्रोत माझ्याबरोबर परत आला. चारही डिस्क जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवल्या आणि मूळ निबंध काढून वाचायला बसलो. एकदा वाचून भागलं नाही. मग तीन संध्याकाळी तेच.

सुरुवात थोडी औपचारिक आहे. प्रोसेसर झपाट्याने वेगवान होत आहेत, डिस्क मात्र रेंगाळल्या आहेत. कामाच्या वेळेतला दहावा हिस्सा डिस्कची वाट पाहण्यात जात असेल, तर प्रोसेसर शंभरपट वेगवान करूनही काम दहापटही वेगाने होत नाही. हे जुनंच गणित आहे, अॅमडालचं. लेखक तिथे फार थांबत नाहीत, आपणही नको थांबायला.

रंग भरतो तो पुढच्या तक्त्यात. एका बाजूला आयबीएमची ३३८०: १४ इंच व्यासाच्या तबकड्या, क्षमता ७,५०० एमबी, वीज ६,६०० वॅट. दुसऱ्या बाजूला कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क: १०० एमबी, १० वॅट. गजराज आणि उंदीर शेजारी उभे केलेत. मोठीला लेखकांनी जे नाव दिलं आहे त्याचा अर्थ 'एकटी, मोठी, महागडी डिस्क', पण इंग्रजी आद्याक्षरं जोडली की त्याची घसरगाडी होते. प्रतिपक्षाचं बारसं करतानाच त्याला उतारावर ठेवायचं, ही खोडी मला फार आवडली. मग हिशेब: अशा ७५ उंदरांची क्षमता एका गजराजाइतकी, वीज फक्त ७५० वॅट, आणि एकाच वेळी अनेक डिस्क हलत असल्यामुळे वाचण्या-लिहिण्याची ताकद बारापट. वाचणारा मान डोलवायला लागतो.

इथे लेखक थांबतात आणि पुढच्या भागाच्या मथळ्यातच सांगून टाकतात, की आता वाईट बातमी ऐका. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडी कमी. पण १०० डिस्क एकत्र ठेवल्या तर त्यांतली कोणती तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार. तेरा दिवससुद्धा नाहीत. आपणच बांधलेली इमारत आपल्याच एका भागाकाराने त्यांनी पाडली. दुसऱ्या कुणी ही अडचण शेवटच्या पानावर, 'मर्यादा' अशा सौम्य मथळ्याखाली ढकलली असती. इथे ती मधोमध आहे, आणि निबंधाचा उरलेला भाग म्हणजे तिचं उत्तर. डिस्क मरणारच आहे, आता पुढचं बोला, हा त्याचा सूर आहे.

उत्तर पाच पातळ्यांत येतं. ही पाच पर्यायांची यादी आहे असं वरवर वाटतं. नीट वाचलं की दिसतं, प्रत्येक पातळी आधीच्या पातळीचा एक दोष काढते आणि स्वतःचा एक नवा दोष पुढच्या पातळीच्या हवाली करते. पहिली पातळी मिररची: प्रत्येक डिस्कची एक जुळी. भक्कम, पण निम्मी जागा नकलेत जाते. दुसरीत हॅमिंगचा चूक-दुरुस्तीचा कोड आणला: दहा डिस्कांमागे चार तपासणीच्या. काटकसर झाली, तरी चार म्हणजे जास्तच.

तिसऱ्या पातळीत या निबंधाचा सगळ्यात सुंदर क्षण आहे. त्या चार तपासणीच्या डिस्क करतात काय? चूक कुठल्या डिस्कवर आहे हे शोधणं आणि ती दुरुस्त करणं, अशी दोन कामं. त्यातलं शोधण्याचं काम तर मुळात करायलाच नको. डिस्क मेली की तिचा कंट्रोलर स्वतःच ओरडून सांगतो. मग उरली दुरुस्ती, आणि तिला एकच डिस्क पुरते.

एकच कशी पुरते? वाण्याची यादी आठवा. तूरडाळ, साखर, तेल, रवा, खाली एकूण. पाण्याचा थेंब पडून साखरेची रक्कम पुसली, तर एकुणातून बाकीच्या वजा करा, साखर परत मिळते. पॅरिटी म्हणतात ती हीच. फक्त इथे आकडे शून्य आणि एक एवढेच असतात आणि बेरजेऐवजी सम-विषम पाहतात. तपासणीची डिस्क म्हणजे बेरजेची डिस्क. दहा डिस्कांमागे एक, म्हणजे ९१ टक्के जागा वापरायला मोकळी.

चौथी पातळी पुढे सरकते. यादीतली एकच रक्कम बदलायची असेल तर सगळी यादी पुन्हा कशाला वाचायची? जुनी रक्कम बघा, जुनं एकूण बघा, फरक काढा, नवी रक्कम लिहा, नवं एकूण लिहा. दोन वाचनं, दोन लेखनं. प्रत्येक बारीक बदलाला हा चार हालचालींचा कर पडतो. पण आता दोष वेगळ्याच ठिकाणी उमटला: डाळ बदलो की तेल, दर वेळी बेरजेच्या डिस्ककडे जावंच लागतं. लग्नघरात सगळ्या किल्ल्या एकाच मावशीकडे असाव्यात, तशी तिच्यापुढे रांग लागते. पाचवी पातळी, म्हणजे दुकानातल्या मुलाचं रेड फाइव्ह, म्हणते, बेरजेला स्वतंत्र डिस्कच नको. पहिल्या ओळीची बेरीज या डिस्कवर, दुसरीची त्या डिस्कवर, अशी फिरती ठेवा. किल्ल्या वाटून दिल्या. एकही डिस्क वाढली नाही, रांग मात्र मोडली.

या कल्पना सगळ्याच तिघांच्या नव्हेत. जुळ्या डिस्क टँडम कंपनीची यंत्रं आधीच वापरत होती आणि निबंधात तसं म्हटलंही आहे. पॅरिटीने हरवलेली माहिती परत मिळवण्याचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना १९७८ सालीच मिळालं होतं. तिघांनी सुटे सूर एका क्रमात बसवले, त्यांना आकडे दिले आणि नाव दिलं. रागाचं नाव ठरलं की गाणाऱ्यांना एकमेकांशी बोलता येतं, तसं झालं. शून्यावी पातळी मात्र त्यांची नव्हे. नुसता वेगासाठी मजकूर दोन डिस्कांवर वाटायचा आणि एक गेली की दोन्हींवर पाणी सोडायचं, या प्रकाराला ते नाव मागाहून चिकटलं. शून्य हा आकडा त्याला शोभतो.

आता निबंधातला दुसरा हिशेब. १०० डिस्कांच्या ताफ्याला मिरर केलं, तर माहिती गमावण्यापर्यंतचा सरासरी काळ ४५ लाख तास, म्हणजे ५०० वर्षांच्या वर. पाचव्या पातळीत सुमारे ८,२०,००० तास, ९० वर्षांच्या वर. आकडे वाचून मी दुकानातल्या मुलाला मनातल्या मनात जवळजवळ फोन लावला. मग पेन्सिल घेऊन गृहीतकं पाहिली.

मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून ती भरायला एक तास लागतो, असं धरलं आहे. तेव्हा ते रास्तच होतं. कॉनरची १०० एमबीची डिस्क सेकंदाला एक एमबी वेगाने दोन मिनिटांच्या आत भरत असे. माझी ४ टीबीची डिस्क तिच्या चाळीस हजारपट मोठी आहे, वेग मात्र दीडशेपटीच्या आसपास. भरायला सात तासांहून अधिक लागतात, तेही कॉम्प्युटरला दुसरं काही काम नसेल तर. आणि पाचव्या पातळीत या सात तासांत उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. यादीतली एक रक्कम पुसलेली असताना दुसरीवर थेंब पडला तर बेरीज काय करणार?

दुसरं गृहीतक, डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे मरतात. माझ्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या. एकाच पंख्याची हवा खाणार, एप्रिलच्या वळवात वीज गेली की एकाच झटक्याने बसणार. गंमत बघा, रेडमधल्या 'आय'चा अर्थ पुढे 'स्वस्त'चा 'स्वतंत्र' असा बदलण्यात आला. जे नुसतं गृहीत धरलं होतं तेच नावात जाऊन बसलं. आणि वीज त्या चार हालचालींच्या मध्येच गेली तर? नवी रक्कम लिहिली, एकूण जुनंच राहिलं. हिशेब मोडला आणि कुणालाच पत्ता नाही. मोठ्या यंत्रशाळांत यावर उपाय असतात. आमच्याकडे एक यूपीएस आहे, तोही पावसाळ्यात कुरकुरतो.

तिसरं गृहीतक सगळ्यात नाजूक, आणि निबंधाच्या सगळ्यात सुंदर क्षणातच ते दडलं आहे: डिस्क मेली की ओरडते. पण काही वेळा ती ओरडत नाही. शांतपणे तीनचा आठ करून देते. पुसलेली रक्कम बेरजेवरून निघते. चुकीची लिहिलेली निघत नाही. बेरीज एवढंच सांगते की कुठेतरी चुकलं आहे. मिररचीही तीच गत: दोन प्रती, दोन पाठ, खरा कोणता? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा ती लिहून जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती आणि नकलाकारांचे अपपाठ तिच्यात शिरले होते. प्रती नव्हत्या अशातला भाग नाही. कोणत्या प्रतीतला कोणता शब्द खरा, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुल्या केलेल्या झेडएफएस या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक तुकड्याची एक खूणगाठ तुकड्यापासून वेगळी, दुसऱ्या जागी नोंदवलेली असते. दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खुणेशी जुळते ती खरी, आणि दुसरी तिच्यावरून सुधारली जाते. दुसऱ्या पातळीतून तिघांनी जे शोधण्याचं काम अनावश्यक म्हणून काढून टाकलं, ते असं मागच्या दाराने परत आलं.

याने निबंध उणा ठरत नाही. गृहीतकं त्याने उघड्यावर मांडली आहेत, म्हणून तर छत्तीस-सदतीस वर्षांनी राजाजीनगरात बसून पेन्सिलीने ती तपासता येतात. एका प्रश्नाचं उत्तर मात्र तो देत नाही आणि देतो असं म्हणतही नाही: डिस्क धडधाकट असताना माणसाच्याच हातून फाइल पुसली गेली तर? मिरर मोठ्या निष्ठेने ती दोन्हीकडून पुसतो. गेल्या वर्षी माझ्याच हातून वडिलांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटवरून उतरवलेलं एक फोल्डर असं गेलं. कॅसेट शाबूत होत्या म्हणून वाचलो. पुन्हा उतरवायला दोन रविवार लागले.

तर आमच्या घरातला निकाल असा. एसएसडीवर नुसती ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा काही मिरर नाही. गेली तर पुन्हा टाकू. ४ टीबीच्या दोन्ही डिस्क झेडएफएसवर मिरर. तिसरी घेतली नाही. पाचवी पातळी वाचायला अप्रतिम आहे, शंभर डिस्क असत्या तर मी तिच्यावरच गेलो असतो. दोन-तीन डिस्कांच्या घरात मात्र तिची काटकसर एका डिस्कच्या किमतीची, आणि तेवढ्यासाठी ते सात तास श्वास रोखून बसायची माझी तयारी नाही. जुनी २ टीबीची डिस्क कॅबिनेटबाहेर, यूएसबीच्या डबीत. महिन्यातून एकदा जोडायची, फोटो आणि गाणी तिच्यावर उतरवायची, काढून कपाटात ठेवायची. तशीच एक बहिणीकडे बेळगावला. दिवाळीला जाताना आजची नेतो आणि गेल्या वर्षीची आणतो. मिररमधली जी अर्धी जागा त्या मुलाला फुकट वाटली, तिचे पैसे मी आनंदाने दिले.

निबंध इंटरनेटवर सहज सापडतो. कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क असतील तर जरूर वाचा. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि वाईट बातमीच्या भागापासून सुरुवात करा.